दोराचं दुसरं टोक

सदू गेल्याचा फोन मीच घेतला. सकाळी आठ-सव्वाआठची वेळ, मी दाढीला बसलो होतो, गालाला साबण तसाच. पलीकडून अशोक, म्हणजे माझा भाचा, सदूचा आणि माझ्या बहिणीचा, नलूचा थोरला मुलगा, इतकंच म्हणाला, "मामा, बाबा गेले... झोपेतच." मी "अरे देवा" म्हटलं, "निघतो" म्हटलं आणि फोन ठेवला. त्यानंतर माझ्या मनात जो पहिला शब्द आला तो वाचून तुम्ही म्हणाल, हा काय माणूस आहे! पण लिहायचंच ठरवलंय तर आता लपवाछपवी कशाला. मनात आलं, सुटलो. उभ्या जन्माचा दोस्त, सख्ख्या बहिणीचा नवरा गेला, आणि मला वाटलं, सुटलो. मग मात्र दाढी अर्धी टाकून मी खुर्चीत बसून राहिलो.

स्मशानातही सुटका झाली नाही. अशोकच्या ऑफिसातली माणसं आली होती. त्यानं माझा हात धरून त्यांना सांगितलं, "हे माझे मामा. ह्यांनी बाबांना एकदा मरणाच्या दारातून ओढून काढलंय. हे नसते तर मी बाबांचं तोंडसुद्धा पाहिलं नसतं." त्या अनोळखी माणसांनी मला वाकून नमस्कार केला हो! एकजण तर पाया पडला. मी खाली मान घालून उभा. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला दुःख आवरत नाही. दुःख होतंच, पण मान खाली गेली होती ती भीतीनं. गेली पन्नास-पंचावन्न वर्षं ही गोष्ट कोणी काढली की माझी मान अशीच खाली जाते, आणि लोक म्हणतात, किती विनयी माणूस!

सदू आणि मी एकाच कापडगिरणीच्या ऑफिसात कारकून होतो. पन्नास सालानंतरचे दिवस. दोघंही कोकणातले, तो खाडीकाठचा, मी डोंगराकडचा. घाटकोपरला एकाच चाळीत आमच्या खोल्या. तो कायम दात काढणारा, अंगानं काटक, काळा कुळकुळीत. मी गोरा आणि घाबरट. "विन्या, तुका देवान रंग दिलो, पण काळीज द्यायला विसरलो," असं तो मला चारचौघांत मालवणीत ऐकवायचा. मी चिडायचो नाही, कारण ते खरंच होतं. मला कुत्र्याची भीती, विजेची भीती, साहेबाची भीती आणि सगळ्यांत जास्त पाण्याची. पोहता येत नव्हतं, अजूनही येत नाही.

आणि सदूला वेड कसलं, तर गळानं मासे धरायचं. पवईच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी तेव्हा एक लहान तळं होतं. आजूबाजूला म्हशींचे गोठे, म्हणून त्याला गवळ्यांचं तळं म्हणत. आता शोधायला जाऊ नका, तिथे इमारती झाल्या. मोठ्या तलावावर साहेबलोक मचाण बांधून, टोपी घालून मासे धरत बसायचे. आमच्यासारख्यांना हे तळं. पण ह्या तळ्याची एक तऱ्हा होती. अर्ध्याहून जास्त पाणी दिसायचंच नाही. त्यावर गवत आणि वेली माजून मुळं एकमेकांत अशी गुंतलेली, वर इतक्या वर्षांचा पाला कुजून बसलेला, की बघणाऱ्याला वाटावं कुरणच आहे. आम्ही तिला गादी म्हणायचो. गादीच्या वर हिरवंगार, आणि खाली दोन-तीन पुरुष खोल काळं पाणी. थंडीच्या दिवसांत मरळ मासा ह्या गादीखाली जाऊन बसतो. काठावरून गळाच्या हव्या तितक्या काठ्या टाका, तो ढुंकून बघत नाही. त्याला धरायचा तर गादीवर चालत जायचं, कोयत्यानं तिला भोक पाडायचं आणि त्या भोकातून गळ खाली सोडून उकिडवं बसायचं. मरळीला म्हणे पावलांचा आवाज कळतो, म्हणून बसलं की हलायचंसुद्धा नाही.

चालत जायचं म्हणजे कसं, तर दोन फळ्या घ्यायच्या. एक टाकायची, तिच्यावर उभं राहायचं, दुसरी पुढे टाकायची, तिच्यावर जायचं, मागची उचलून पुढे घ्यायची. पाय फळीबाहेर पडला तर पडला. गवळ्यांची एक म्हैस एकदा हिरवं बघून गादीवर गेली होती. ती आत गेली आणि वरचं गवत पुन्हा मिटलं. म्हैस कुठे गेली ते कुणालाच कळलं नाही, वासही आला नाही... ही गोष्ट मला सदूनंच सांगितली, तीही हसत हसत. एकदा त्याच्या आग्रहावरून मी काठाजवळ, गुडघाभर पाणी असेल अशा जागी, गादीवर एक पाय ठेवून पाहिला. ती खाली गेली आणि पुन्हा वर आली. मी पाय काढून घेतला, पुन्हा कधी ठेवला नाही.

सदू एकटाच जायचा, सायकलला फळ्या बांधून, दर रविवारी पहाटे. मग त्याचं नलूशी लग्न झालं. जुळवलं मीच, म्हणजे पुढचं सगळं माझ्याच गळ्यात. नलूनं पहिल्याच हिवाळ्यात त्याच्याकडून सगळं वदवून घेतलं: गादी काय, फळ्या काय, म्हैस काय. ती रडली नाही, भांडली नाही. दुसऱ्या दिवशी काथ्याचा एक लांब दोर विकत आणून तिनं माझ्यापुढे ठेवला. "दादा, ते ऐकायचे नाहीत. मी सांगून बघितलं. तू जा त्यांच्याबरोबर. त्यांच्या कमरेला एक टोक, तुझ्या मनगटाला दुसरं. काठावरच तर उभं राहायचंय." मी म्हटलं, "अगं, झाडाला बांध ना, मी कशाला?" तेवढ्यात सदू आतून ओरडला, "अरे विन्या, झाड ओढतं का रे?" ह्यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही. नलूला तेव्हा दिवस राहिलेले होते.

तर अशी माझी नेमणूक झाली. धुकं पडलेलं, गोठ्यांतून धूर निघतोय, आणि मी मफलर गुंडाळून काठावरच्या चिखलात उभा. सदू फळ्या टाकत पुढे चाललाय आणि माझ्या हातातून दोर हळूहळू सरकतोय. रीत अशी होती की दोराच्या टोकाचा फास मनगटात अडकवायचा, म्हणजे थंडीनं बोटं बधिरली तरी दोर सुटायचा नाही. सदूनं स्वतः मला गाठ मारून दाखवली होती. पहिल्या रविवारी मी फास घातला. तिथे उभं राहून बघता बघता माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. हा खाली गेला, तर दोर ताणणार. दोर ताणला, तर मी ओढला जाणार. काठ निसरडा, धरायला काडी नाही. माझ्या डोळ्यांपुढे मी पालथा पडून घसरत चाललेला दिसायचो, आणि वरचं गवत मिटलेलं. दुसऱ्या रविवारी, सदूची पाठ फिरल्यावर, मी फास हळूच मनगटातून काढला आणि दोर नुसता मुठीत धरला. तिसऱ्या रविवारीही तेच. तो परत यायला लागला की फास पुन्हा मनगटात. कुणाला कळलं नाही, किंवा मला तसं वाटलं. घरी नलू विचारायची, "दोर नीट धरतोस ना रे दादा?" मी म्हणायचो, "म्हणजे काय!"

जानेवारीतला रविवार होता. सदू त्या दिवशी नेहमीपेक्षा बराच आत गेला, दोर जवळजवळ संपत आला. धुक्यातून त्याची पाठ तेवढी दिसत होती. भोक पाडून तो बसला, आणि थोड्याच वेळात त्याची काठी वाकली. मासा मोठा असावा, कारण सदू कधी नव्हे तो उभा राहिला. उभा राहिला तो फळीच्या कडेवर. फळी तिरपी झाली आणि तो गेला. ओरडला नाही, पाण्याचा आवाजही फारसा झाला नाही. होता, आणि नव्हता.

दोर माझ्या मुठीतून सुसाट निघाला. तळव्याची आग आग झाली. आता इथे नीट ऐका, कारण ही ओळ लिहायला मला इतकी वर्षं लागली. दोर निसटला नाही. मी सोडला. मूठ मिटलेली होती, ती मी उघडली. फास गवतातून सरपटत गेला आणि दिसेनासा झाला. मी ओरडलोसुद्धा नाही. गोठ्यात माणसं होती, हाक मारली असती तर आली असती. तोंड उघडं होतं, आवाज नव्हता. गादीवर एक फळी तेवढी आडवी पडलेली, आणि बाकी सगळीकडे हिरवं, शांत. मला नलूचं पोट दिसत होतं. सातवा महिना.

किती वेळ गेला? दहा-वीस अंक म्हणून होतील इतकाच असेल. मग फळीवर एक हात आला. मग दुसरा. सदू खाडीकाठचा, त्यानं पाण्याखालून भोक शोधलं होतं. तो उभा राहायला गेला नाही. छाती फळीवर टाकून, पालथा पडून, फळीसकट सापासारखा सरकत सरकत काठाकडे यायला लागला. मी बघत होतो. अगदी शेवटी, दोन हातांवर आल्यावर, माझे पाय सुटले आणि मी त्याला काखेत धरून वर घेतला. त्यानं पाणी ओकलं, बराच वेळ पडून राहिला. मग उठून बसला आणि कमरेचा दोर हातावर गुंडाळायला लागला. दोर येत गेला, येत गेला, आणि शेवटी फास त्याच्या हातात आला. मोकळा. गाठ जशीच्या तशी. त्यानं फासाकडे बघितलं, माझ्या मनगटाकडे बघितलं. मी म्हटलं, "सद्या..." तो म्हणाला, "चल. नलू वाट बघत असेल." त्याचे दात वाजत होते. मला वाटलं, थंडीनं.

सायकली हातात धरून आम्ही घाटकोपरपर्यंत चालत आलो. मी मनात हिशेब करत होतो: हा आता घरी जाऊन सांगणार, नलू माझं तोंड बघणार नाही, आई-अप्पांना गावी पत्र जाणार. खोलीच्या दारात नलू उभीच होती. तिनं त्याचे ओले कपडे बघितले आणि चौकट धरली. आणि सदू काय म्हणाला असेल? म्हणाला, "काय नाय झालं गं, पाय घसरला. तुझ्या दादानं ओढला म्हणून वाचलो. बघ त्याचा हात." माझा उजवा तळवा मधोमध सोलून निघाला होता, कातडं लोंबत होतं. नलूनं मला खाली बसवलं, खोबरेल तेलात हळद कालवली आणि हात मांडीवर घेऊन लावायला लागली. बराच वेळ ती हात बघत बसली. मला वाटलं, भावाचं कौतुक चाललंय. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तर ती म्हणाली, "झोंबतंय का रे?" मी म्हटलं, "हो."

त्यानंतरच्या रविवारी पहाटे दारावर थाप. सदू! खांद्यावर दोर. मला वाटलं, ह्याला वेड लागलं. मी दार अर्धवट लावून म्हटलं, "सदू, मी नको. तुला माहितीय ना, मी त्या दिवशी..." त्यानं बोटानं गप्प केलं. "बडबड करू नको, चाळ उठेल. येतोस की मी एकटा जाऊ?" मी गेलो. त्या दिवशी मनगटात फास घातला, वर दुसरी गाठ मारली, आणि तो परत काठावर येईपर्यंत थरथर कापत उभा राहिलो. पुढचे तीन हिवाळे असाच कापत उभा राहिलो. भीती गेली नाही. लोक म्हणतात सवयीनं जाते, साफ खोटं. सदू मात्र पूर्वीसारखाच गादीवर शीळ घालत जायचा, निदान मला तरी तसंच दिसायचं. मग अशोक बालवाडीत जायला लागला, सदूची दुसऱ्या खात्यात बदली झाली, रविवार घरातच जायला लागले आणि फळ्या चाळीच्या माळ्यावर पडल्या.

गोष्ट मात्र माळ्यावर गेली नाही. बारशाला निघाली, मुंजीला निघाली, लग्नांच्या पंगतीत निघाली. सदू ती स्वतः कधीच सांगायचा नाही. दुसऱ्या कुणी सुरू केली की "अरे, जेवा आता, वाट लागली भाताची" म्हणून विषय बदलायचा. पण दर वेळी तो तोंड उघडायचा तेव्हा मला वाटायचं: आज बोलणार. दोन पेग झाले असले की जास्तच. एवढ्या वर्षांत तो एकदाही बोलला नाही, आणि मी त्याच्यावर एकदाही विश्वास ठेवला नाही. आमच्या दोस्तीतलं माझं योगदान इतकंच. म्हणून तो गेल्यावर मला वाटलं, सुटलो. सांगणारा गेला.

तेराव्यापर्यंत मी नलूकडेच राहिलो. जुनी चाळ पाडून झालेल्या इमारतीतली दोन खोल्यांची जागा. पहिल्याच दिवशी लक्षात आलं की मोरीच्या दाराला कडी नाही. कडीच्या जागी चार भोकं, तीही रंगानं बुजलेली. मी आपलं बादली दाराला टेकवून आंघोळ उरकायचो. तेरावं झालं, माणसं पांगली. दुसऱ्या दिवशी सकाळी नलू गवार मोडत बसली होती, तेव्हा मी सहज म्हटलं, "नलू, मोरीला कडी बसवून घे गं, आता सुना-नातवंडं येतात." ती म्हणाली, "ह्यांनी कुठे बसवू दिली! जिथे राहिलो तिथे कडी काढून टाकली. त्या तळ्यानंतर अंगावर पाणी पडलं की श्वास कोंडायचा त्यांचा. दार लावायचे नाहीत. मी बाहेर बसून काहीबाही बोलत राहायचे, मग कशीबशी आंघोळ व्हायची."

मी म्हटलं, "सदू? सदू घाबरायचा?"

"मग काय! रविवारी निघायच्या आधी दोनदा-दोनदा संडासला जायचे. म्हणायचे, आता तळ्यावर जाणं सोडलं तर पाण्याकडे कधी बघवणार नाही."

म्हणजे तीन हिवाळे तो भीत भीत त्या गादीवर जात होता. आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण, तर मी, ज्यानं एकदा सोडला होता. मला राहवेना. गवारीचं ताट बाजूला सारून मी तिला सगळं सांगून टाकलं. फास, मूठ, सगळं. ऐंशीच्या घरातला माणूस मी, पोरासारखा हुंदके देत होतो. नलू ऐकत राहिली. मग माझा उजवा हात ओढून घेऊन तळवा उलगडला. खूण कधीच गेलीय, पण तिनं बोट बरोबर तिथेच फिरवलं.

"मला माहीत होतं, दादा. हळद लावतानाच कळलं."

"सदूनं सांगितलं?"

"ते कसले सांगतायत! अरे, गावी विहिरीवरनं पाणी मी काढलंय का तू? घागर हातातून सुटली की दोर असाच तळवा सोलून जातो. धरून ठेवली तर बोटांवर वळ उठतात, कातडं जात नाही. आईनं कितीदा हळद लावलीय मला."

माझ्या अख्ख्या जन्माची भीती, आणि तिला पहिल्या तासात कळलं होतं! कोकणातल्या घरात पाणी भरायला मुलगा जात नाही, म्हणून मला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस? शिव्या द्यायच्यास, थोबाडीत मारायचीस..."

"आणि पुढच्या रविवारी तू गेला असतास?"

मी ताटातली एक शेंग उगाच मोडली.

"नसतास गेलास. आणि हे थांबले असते? तेही नाही. एकटे गेले असते." तिनं ताट पुन्हा पुढे ओढलं. "मला दोराला माणूस हवा होता, दादा. सोडणारा का असेना. दुसरं होतं कोण माझ्याकडे? दर रविवारी तुम्ही दोघं परत येईपर्यंत मी काय भोगलंय ते माझं मला माहीत."

ती शेंगांच्या शिरा काढायला लागली. मी तिच्याकडे बघू शकत नव्हतो. मग ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "पाणी तापलंय. जा, आंघोळ करून घे."

मी मोरीत गेलो. बादली दाराला टेकवली नाही. पहिला तांब्या डोक्यावर घेतला आणि बाहेर नलूचा आवाज सुरू झाला. दूधवाला आज उशिरा आला, अशोकची सून बाजारात गेलीय, गवार जून निघाली, वरच्या मजल्यावरच्यांचा नळ गळतोय... मला म्हणत होती की त्याला, कोण जाणे. मी मधे "हं" म्हटलं. ती क्षणभर थांबली, आणि पुन्हा बोलायला लागली. मी अंग पुसून बाहेर येईपर्यंत ती बोलत होती.